शेवटचं वजा पहिलं

फळ्यापुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं वरचा त्रिकोण खडूच्या एका फटकाऱ्यात छाटला, मग खालचा छाटला, "हा गेला, हाही गेला," असं स्वतःशीच म्हणाला, आणि बाजूला उभं राहून शिकवणाऱ्या तिला हसू फुटलं. आधी तिला. वर्ग मागून हसला. हसण्यात मागे-पुढे असं काही असतं हे एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. पण तिला मात्र तो मधला क्षण, जेव्हा खोलीत फक्त तिचंच हसू होतं, नंतर कितीतरी वेळ ऐकू येत राहिला. गणित साधं होतं. दोन वाजता बस चाळीस किलोमीटरच्या दगडापाशी होती, चार वाजता शंभरच्या दगडापाशी. तर बसचा सरासरी वेग किती? तिनं फळ्यावर डेल्टा एक्स भागिले डेल्टा टी असं सूत्र मांडून दिलं होतं आणि म्हाताऱ्याला पुढे बोलावलं होतं. त्यानं वरचा आणि खालचा डेल्टा, म्हणजे ते दोन त्रिकोण, एकमेकांत उडवून टाकले, कारण वर-खाली सारखं असलं की उडतं हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं. उरला एक्स भागिले टी. शंभर भागिले चार, पंचवीस. त्यानं पंचवीसखाली दोन रेघा ओढल्या आणि मागे वळून बघितलं. पहिल्या बाकावरचा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ही बस बाराच्या ठोक्याला शून्याच्या दगडावरून सुटली असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी तर तिकीट फाडलेलं नाही!" वर्ग परत हसला. म्हाताराही हसला. आणि ती म्हणाली, "आजोबा, तो त्रिकोण म्हणजे अंक नाही. कुठंही दिसला की छाटायला ती काय भाजी आहे?" हे ती म्हणाली तेव्हा मागच्या बाकावर विभागप्रमुख बसलेले होते, आणि वाक्य चांगलं जमलं याचा तिला आनंदही झाला होता. फळ्यापुढचा म्हातारा तिचा बाप होता.

संध्याकाळचा वर्ग होता तो. दिवसभर कामं करून थकलेली माणसं तिथं बारावीची परीक्षा द्यायला येत: एक कंडक्टर, दवाखान्यातली एक नर्स, बेकरीत कामाला असणाऱ्या दोघीजणी, आणखी अशीच पाच-सहा. त्यांत बाबा. निवृत्त झाल्यावर दहावी झाले आणि म्हणाले, आता सायन्स. ती म्हणाली, "बाबा, कशाला? काहीतरी सोपं घ्या." ते म्हणाले, "तू दिवसभर काय करतेस ते मला एकदा बघायचंय." मग त्यांनीच नियम घातला होता की वर्गात मी तुझा बाप नाही, तू मला ओळखायचं नाहीस, मी तुला मॅडम म्हणेन, नाहीतर लोक म्हणतील पोरीनं बापाला मार्क वाटले. नियम त्यांचाच होता. महिनोन् महिने तिनं हेच धरून ठेवलं होतं, की नियम त्यांचा आहे. पण नियम घालायच्या आधी त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं, आणि तोंडावर काय होतं ते तिला ठाऊक होतं. सगळे त्यांना आजोबा म्हणत, म्हणून तीही आजोबा म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. मग सवय झाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगीच नाही.

तास संपल्यावर प्रमुख पुढे आले. तिला सकाळच्या कॉलेजवर घ्यायचं की नाही हे त्यांच्या शब्दावर होतं, म्हणून ते आज येऊन बसले होते. शिकवणं आवडलं, म्हणाले. फळा पुसायची पाळी त्या दिवशी बाबांची होती. ते हात वर करून डस्टर फिरवत होते आणि त्यांच्या बाहीवर पांढरा भुगा पडत होता. "हे आजोबा मोठे हिकमती दिसतात," प्रमुख म्हणाले. "कोण आहेत हो?" प्रश्न तिला होता. बाप तीन हातांवर होता. नर्स पिशवीत पुस्तकं भरत होती, कंडक्टर बाकावर पाय ठेवून बुटाचा बंद बांधत होता. ती म्हणाली, "आहेत एक. शिवणकाम करायचे कुठंतरी." बाबा वळले आणि मदतीला धावून यावं तसे म्हणाले, "बसच्या सीटा शिवायचो, साहेब. डेपोत." "अरे वा!" प्रमुखांना आनंद झाला. माणूस वाईट नव्हता. "म्हणजे मॅडमच्या वडिलांच्याच खात्यातले की तुम्ही! तेही परिवहनमध्ये होते ना, मॅडम? मोठ्या हुद्द्यावर. मग तुम्ही ओळखत असाल त्यांना." बाबांनी डस्टर फळ्याच्या कडेला आपटला. थोडा भुगा उडाला. "नाव ऐकलंय," ते म्हणाले. "भेटीचा योग नाही आला." कंडक्टर बंद बांधायचा थांबला होता. मग त्यानं तो पुन्हा सोडला आणि पुन्हा बांधला.

स्टॉपवर ती दोघं नेहमीसारखी दोन टोकांना उभी राहिली. बस आली तेव्हा ते पुढच्या दारानं चढले, ती मागच्या. सीटवर बसताना ते आधी हातानं सीट दाबून बघत, टाके कुठं उसवलेत का ते. आजही त्यांनी बघितलं. तिला त्यांचं डोकं मागून दिसत होतं, कानांच्या पाळ्या, मानेवरचे दोन-तीन सुरकुत्यांचे वळसे. मोठ्या हुद्द्यावर असं ती कधीच कुणाला म्हणाली नव्हती. "बाबा परिवहन खात्यात होते," एवढंच म्हणाली होती, स्टाफरूममध्ये, पहिल्या आठवड्यात, चहाचा कप हातात असताना. ते खोटं नव्हतं. फक्त अर्ध्यावर थांबवलेलं होतं, आणि पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरून घेतलं होतं. कुणी तिच्या नीटनेटक्या साडीकडे बघून भरलं असेल, कुणी तिच्या बोलण्याकडे बघून. तिनं दुरुस्त केलं नाही. चहा गरम होता, पुढे काही बोलायच्या आधी घंटा झाली, आणि त्यानंतर दुरुस्त करायला तोंडच उरलं नाही. असा तो साहेब जन्माला आला. वर्षागणिक तो मोठा होत गेला, त्याला बढत्या मिळाल्या, त्यातली एकही तिनं दिली नव्हती. लहानपणी अभ्यासाला बसायला बाबांनी तिला एक बैठक करून दिली होती, डेपोतल्या उरलेल्या हिरव्या रेक्झिनची, आत काथ्या भरलेला, कडेनं दुहेरी टीप. शाळेतली मैत्रीण घरी यायची असली की ती त्या बैठकीवर चादर टाकायची. मैत्रीण चादरीवर बसायची आणि म्हणायची, किती मऊ आहे गं, कुठून आणलीत? ती म्हणायची, घरातच होती. तेव्हाही खोटं नव्हतंच.

दर वर्षी नवा वर्ग आला की डेल्टा शिकवताना ती एक वाक्य म्हणायची, आणि ते म्हणताना तिला स्वतःलाच बरं वाटायचं. डेल्टा म्हणजे बदल. शेवटचं वजा पहिलं. डेल्टा एक्स साठ आहे म्हटलं की साठच हाती येतात. माणूस चाळीसवरून शंभरवर गेला की शून्यावरून साठवर, ते त्या साठांवरून कधीच कळत नाही. फरक उरतो, दोन्ही टोकं दिसेनाशी होतात. मुलं माना डोलवायची. तिला आज बसच्या खिडकीशी डोकं टेकवून बसल्यावर कळलं की हे वाक्य तिला का आवडत होतं. ती अशीच वावरत आली होती, नुसते साठ घेऊन. कुठून निघालीस असं कुणी विचारलं तर अंकच पुढे करायचा. आणि बाप बिचारा नेमका उलटा. त्याला वाटलं, सगळं शून्यापासूनच निघतं. शून्यापासून निघालं की डेल्टा छाटला तरी उत्तर बरोबर येतं, हे तिला आत्ता, बस वळण घेताना, एकदम दिसलं, आणि तिनं खिडकीवरचं डोकं उचललं. कारण आजवर तिनं दिलेल्या प्रत्येक गणितातली बस शून्यापासून सुटत होती. धावणारा मुलगा शून्यापासून, गडगडणारा चेंडू शून्यापासून. बाबांनी घरी सोडवून आणलेल्या प्रत्येक गणितात ते दोन त्रिकोण छाटलेले होते. तिनं ते पाहिलेही होते, तिरक्या रेघा, शिंप्यानं खडूनं कापडावर ओढाव्यात तशा ठाम. उत्तर बरोबर होतं म्हणून तिनं बरोबरची खूण केली होती. नर्सचं गणित ती ओळ न् ओळ वाचायची, कंडक्टरचं वाचायची, बेकरीवाल्यांना समासात समजावून लिहायची. बापाच्या कागदाची फक्त शेवटची ओळ बघायची आणि कागद खाली सरकवायची. घाई असायची. कसली घाई? त्या मोठ्या, एकेक करून बसवलेल्या अक्षरांकडे जास्त वेळ बघवायचं नाही, एवढीच. आणि मग ज्या चुकीला तिनं स्वतः खतपाणी घातलं, त्याच चुकीवर चारचौघांत हसली. आधी हसली.

त्यांचा स्टॉप आला. उतरल्यावर ती जवळ जाऊन म्हणाली, "बाबा." ते म्हणाले, "अजून रस्त्यावर आहोत," आणि जिन्यापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिले. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या. आई गेल्यापासून दोघंच. आत येऊन त्यांनी चपला भिंतीशी नीट लावल्या, बाही झटकली, चहाचं आधण ठेवलं. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. पाठमोरे असतानाच ते म्हणाले, "कसा होता गं तो साहेब?"

"बाबा, प्लीज."

"नाही, सहज विचारतो. एवढी वर्षं डेपोत काढली, एकदाही दिसला नाही. चष्मा होता का त्याला?" त्यांनी वळून बघितलं. डोळ्यांत थट्टा होती. निदान अर्ध्या डोळ्यांत तरी. "माणूस बरा असणार म्हणा. पोरीला एवढं शिकवलं."

तिला रडायला आलं असतं तर सोपं झालं असतं. पण रडू आलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्या कुणासारख्या आहेत हे आठवून आणखी तापल्या. बाबांनी कप पुढे ठेवला. मग टेबलावरची जुन्या कॅलेंडरची पानं ओढली, पाठकोरी, त्यावर ते गणितं करत, आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "हं. सांग आता. कुठं चुकलो?"

तिनं सांगितलं. वर्गात सांगायची तसं नाही, हळू. सरळ रेघ काढली, त्यावर दोन दगड मांडले. डेल्टा एकटा नसतो, बाबा. तो अंक नाही, कामाची सूचना आहे: पुढं जे अक्षर आहे त्याचं शेवटचं घे आणि त्यातून पहिलं वजा कर. वरच्यानं दगडांची वजाबाकी करायची, खालच्यानं घड्याळाची. दोन्ही वजाबाक्या आधी, भागाकार मग. शंभरातून चाळीस गेले, चारातून दोन गेले. साठ भागिले दोन. "तीस," बाबा म्हणाले. मग रेघेवरच्या चाळीसच्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं. बोटाला सुईच्या जुन्या जखमा होत्या, नखाखाली काळपट. "म्हणजे ती आपल्या गणितात यायच्या आधीच चाळीस चालून आली होती."

"हो."

"आणि मी समजलो तिथूनच सुटली." ते हसले. "बरं झालं बाई आज हसलीस. नाहीतर परीक्षेत आपटलो असतो."

हे त्यांनी इतक्या मोकळेपणानं म्हटलं की ती मेल्याहून मेली. रागावले असते, आदळआपट केली असती, जेवण नको म्हणाले असते, तर तिलाही काहीतरी करता आलं असतं. समजूत काढता आली असती. ती म्हणाली, "बाबा, मी सांगून टाकते. वर्गात. आणि प्रमुखांनाही."

"काय सांगतेस?"

"की तुम्ही माझे वडील."

"आणि साहेबाचं काय करणार? मारून टाकणार? एवढा मोठा माणूस, पेपरात द्यावं लागेल." मग थट्टा बाजूला ठेवून म्हणाले, "चिमे, तुझं सकाळच्या वर्गाचं होऊ दे आधी. मी कुठं पळून चाललोय?" आणि चिमे म्हणताना त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. आणि त्याच क्षणी, त्या टपलीखाली, तिला सुटल्यासारखं वाटलं. हायसं. चला, त्यांनीच नको म्हटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. आणि आपल्याला काय वाटलं हे तिनं पाहिलं. हसू निसटलं होतं, ते निदान निसटलं होतं. शिवणकाम करायचे कुठंतरी, हे भीतीनं तोंडातून गेलं होतं. पण हे हायसं वाटणं तिचं स्वतःचं होतं, आतून आलेलं, कुणी न विचारता. बाबांनी कप उचलले आणि विसळायला नेले. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ विसळत होते.

पुढच्या वर्गाच्या दिवशी बाबा आधी गेले, ती मागून पोचली. प्रमुखांच्या खोलीचं दार उघडं होतं, ते आत होते, काहीतरी वाचत होते, मान वर केली असती तर ती दिसली असती. तिनं पाय जरा हळू केला आणि पुढे गेली. आधी वर्ग, मग प्रमुख, असं तिनं स्वतःला समजावलं. सोपं आधी सोडवावं, हे परीक्षेतलं शहाणपण. वर्गात सगळे येऊन बसले होते. बाबा नेहमीच्या जागी, भिंतीकडेला, बाही दुमडून. कुणी उभं राहिलं, कुणी अर्धवट उठल्यासारखं केलं. तिनं हजेरी घेतली नाही. टेबलाची कड धरली. रस्त्यात जमवून आणलेली वाक्यं होती, चार-पाच, एकातून दुसरं निघणारी; त्यातलं एकही सापडेना. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "आजोबा... म्हणजे हे. हे माझे वडील आहेत."

कुणी चकित झालं नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. बेकरीतल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाबा समोरच्या कागदाकडे बघत होते. मग कंडक्टर, जो एरवी दर वाक्याला काहीतरी टोला हाणायचा, तो कधी नव्हे इतका हळू म्हणाला, "ते माहीत आहे, मॅडम."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." त्यानं नर्सकडे बघितलं, आता तुम्ही सांगा असं. नर्स म्हणाली, "तुम्ही यायच्या आधी आम्ही सगळे बसलो होतो. त्यांनी उभं राहून सांगितलं, आता येतील त्या बाई माझी मुलगी आहे. सगळ्यांना सांगितलं, एकेकाला. मग जरा वेळानं म्हणाले, पण तुम्हाला माहीत आहे असं तिला कळू देऊ नका. अवघडल्यासारखं होईल तिला." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आम्ही म्हटलं, सांगतील मॅडम आपणहून. कधीतरी."

तर मग ते सगळे. महिनोन् महिने. ती "आजोबा" म्हणायची तेव्हा तिच्याकडे बघणारे हे सगळे, माहीत असलेले. स्टॉपवर दोन टोकांना उभं राहिलेल्या बापलेकीकडे बघून कंडक्टर रस्त्याच्या पलीकडून जायचा, तो म्हणून. बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला, तोही म्हणूनच. भेटीचा योग नाही आला, हे भरल्या खोलीत ऐकलं होतं सगळ्यांनी, आणि प्रमुख सोडले तर एकही जण असा नव्हता ज्याला त्याचा अर्थ कळला नव्हता. आणि फळ्यावरचे ते त्रिकोण. सगळे हसले होते ते घरातल्या म्हाताऱ्याच्या फजितीला हसावं तसे, त्याची लेक समोर उभी आहे हे जाणून. तीही हसतेय म्हणून बिनघोर हसले होते. घरच्यासारखे हसले होते. त्या खोलीत परकं हसलं होतं ते एकटं तिचं.

तिनं बाबांकडे बघितलं. त्यांनी चिमे म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. इथं, या सगळ्यांसमोर, एकदा. आता नियम उरला नव्हता. टपली मारली नाही तरी चालली असती. बाबांनी कागद सरळ केला, पेन्सिल त्यावर आडवी ठेवली आणि बाकाचा आधार घेत उठून उभे राहिले, इतर जण शंका विचारायला उठतात तसे. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मऊ, थोडा घोगरा. त्यात माया होती की आणखी काही, ते तिला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "चला, वेळ जातोय."